उपासाची नीरा

आमच्या सात पिढ्यांत दारू प्यालेली बाई एकच, ती म्हणजे मी. आणि तीही संकष्टीच्या दिवशी. याचं सगळं श्रेय आमच्या ह्यांचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही देवासला कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. माझ्या धाकट्या नणंदेला, शैलाला, धारचं स्थळ आलं होतं. जुनं, संस्थानच्या नोकरीतलं घराणं. मुलाच्या आजोबांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून मुलगीच तिकडे न्यायची ठरली. शैलाला मुलगा फोटोतच आवडला होता. येता-जाता तो फोटो पदरानं पुसायची (धूळ नसायचीच). आता माणसानं सरळ धारला जावं, सरळ परत यावं. पण नाही! ह्यांनी बेत केला तो आधी कुक्षी, मग बाघच्या गुंफा आणि संध्याकाळी धार. "जीप केलीच आहे तर..." हे ह्यांचं जन्माचं पालुपद.

पहाटे अंधारात निघालो. कुक्षीजवळ रस्त्याकडेला ताडाची झाडं, शेंड्याला मडकी बांधलेली. ह्यांच्यातला गाईड जागा झाला.

"इथे पिढ्यान्‌पिढ्या ताडी काढतात. पण सकाळची ती नीरा. एकदम पौष्टिक."

"माझा उपास आहे," मी म्हटलं.

"मग तर उत्तमच. पुण्याच्या काकू एकादशीला प्यायच्या."

मागून सासूबाई म्हणाल्या, "झाडाचंच तर आहे. चालतं."

झालं. धर्मशास्त्राचा निकाल लागला. ह्यांनी पाण्याची कॅन रिकामी करून तीत नीरा भरून घेतली आणि जीपच्या टपावर बांधली. भर उन्हात!

सकाळी खरंच गोड लागली. पण बाघला सगळे सावलीत बसून पुरी-भाजी हाणायला लागले आणि माझं डोकं फिरलं. वर हे विचारतात, "तुला लोणचं चालतं का गं?" मी रागानं एक ग्लास प्यायले. मग ह्यांनी गुंफांवर व्याख्यान सुरू केलं, तेव्हा दुसरा.

"अहो, हे आंबूस लागतंय."

"लिंबू आंबटच असतं ना? पोटाला बरं."

स्वतः मात्र एक घोट घेतला नाही. म्हणे, "जेवणावर नको." मला आजही आठवलं की मुठी वळतात. धार येईपर्यंत मी कॅनचा तळ गाठला होता.

धारच्या दिवाणखान्यात मी कोचावर बसले आणि कोच हळूहळू उज्जैनच्या दिशेनं निघाला. मुलाच्या आईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "प्रवासात त्रास नाही ना झाला?"

याला जगातली सगळी माणसं 'नाही' म्हणतात. मी म्हटलं, "झाला." आणि लग्नापासूनचा सांगितला. सासूबाई पापड मोजून ठेवतात इथपासून हे कसे घोरतात इथपर्यंत. हे माझा पदर ओढत होते, तर मी तो त्रासही ऐकवला, "बघा, आत्ताही ओढतायत." मग मुलाच्या आजोबांना, बसमधल्या कुणा भावड्याला म्हणावं तसं, म्हटलं, "भिया, जरा सरको," आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले.

शैलानं म्हणे हळूच येऊन माझं तोंड पुसलं, मला धरून जीपपर्यंत नेलं, "चला वहिनी, चंद्र निघालाय," म्हणाली. परतताना ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. माझं डोकं ठिकाणावर आल्यावर मी ह्यांना इतकं बोलले, इतकं बोलले, की ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला. पोरीचं जमत आलेलं लग्न ह्या पौष्टिकापायी मोडलं होतं.

दोन दिवसांनी शेजाऱ्यांकडे धारहून फोन आला. मीच धावत गेले. पलीकडे मुलाच्या आई. त्यांना वाटलं, सासूबाईच आल्या.

"मुलगी आम्हांस पसंत आहे," त्या म्हणाल्या. "आमचं घर जरा कडक, मुलगी टिकेल की नाही ही धास्ती होती. पण त्या वहिनींच्या हाताखाली इतकी वर्षं राहूनही जी एवढी शांत राहिली, तिची काय काळजी?"

मी पदरानं घाम पुसला आणि जमेल तितका सासूबाईंचा आवाज काढून म्हटलं, "हो ना. फार सोसलंय हो पोरीनं."