आंबलेली वेल

यमुनाबाईने पानवेलीचं खोड पहिल्यांदा चाखून पाहिलं ते १९६२ च्या श्रावणात. कसालपासून दोन कोसांवरच्या वाडीत, तिच्या घरामागे पोफळींवर चढवलेल्या दोनशे चाळीस वेली होत्या. तिच्या नवऱ्याने, आबांनी, वीस वर्षांत त्या एकेक करून लावल्या होत्या. माघात आबांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, बोलणं तुटक झालं. तेव्हापासून ते पडवीतल्या बाजेवर पडलेले असत आणि बाग एकट्या यमुनाबाईच्या अंगावर पडली होती.

श्रावणात विहिरीकडच्या सात वेलींनी दोन दिवसांत माना टाकल्या. तिने बुंध्याची माती उकरली. खोडाला कापसासारखी पांढरी बुरशी होती आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. काय झालंय ते कळेना, म्हणून तिने खोडाची साल खरवडून जिभेवर ठेवली. पानवेल तिखट लागते. ही इतकी आंबट लागली, की दात आंबले. मग तिने शेजारची, पानं हिरवीगार असलेली वेल चाखली. तीही आंबट. चौथ्या दिवशी ती वेल सुकली.

त्या दोन्ही वेलींचे आणि एका धडधाकट वेलीचे तुकडे पदरात बांधून ती हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या सत्यवान मास्तरांकडे गेली.

"मास्तरानू, वेल मरायच्या आदी आंबट जाता. ह्या कसला?"

मास्तरांनी प्रयोगाच्या कपाटातून लिटमसचे निळे कागद काढले. चांगल्या वेलीच्या रसाने कागदाचा रंग जेमतेम बदलला. आजारी वेलीचा रस लागताच तो लाल झाला. दोन दिवस पुस्तकं चाळून मास्तर स्वतःच बागेत आले.

"काकी, ही बुरशी पयला आम्ल सोडता. तेच्यान खोड मऊ जाता आणि मगे ती ता खाता. पानाक कळायच्या आदी तुमच्या जिभेक कळता."

"उपाय काय?"

"आम्ल मारूक चुनो घालून बघूया. पण खात्रीन सांगूक येवचा नाय."

मालवणहून शिंपल्यांचा चुना आला. तिने तो बुंध्याबुंध्याशी घातला. आठवडाभर झड लागली आणि सगळा चुना व्हाळात वाहून गेला. तिने पुन्हा घातला. घाईत एका रांगेत तो जास्त पडला आणि तिथली कोवळी मुळं जळाली. त्या अकरा वेली बुरशीने नव्हे, आपल्या हाताने मेल्या, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

मग तिच्याकडे फक्त जीभ उरली. रोज सकाळी ती रांगेने उकिडवी बसत जाई, साल खरवडून चाखी, थुंके. आंबट लागेल ती वेल मातीसकट उपटून कुंपणाबाहेर जाळी. जीभ सोलवटली, भात गिळवेना. धाकटा दीर धोंडू धावत आला.

"वैनी, भरल्या वेली उपटतंस? खूळ लागला काय तुका?"

"ही चार दिसांनी मरतलीच. आज काढली तर बाजूची ऱ्हवात."

बाजूचीही राहिली नाही.

संध्याकाळी आबा विचारत, "बरी आसत?" ती म्हणे, "बरी आसत." जळणाऱ्या वेलींचा धूर पडवीपर्यंत येई, ती पाचोळा जाळल्याचं सांगे. दसऱ्याच्या सुमारास उरल्यासुरल्या वेलींवर तोडण्याजोगं पान राहिलं नाही. तिने कसालच्या बाजारातून पानं आणली आणि विडा करून आबांना भरवला. त्यांनी दोनदा चावला आणि डाव्या हाताने तोंडातून काढला.

"आपला न्हय."

तिने चावलेला विडा त्यांच्या हातातून घेतला.

"किती ऱ्हवली?"

"एकोणीस."

आबांनी डाव्या हाताने बागेकडे खूण केली. मग म्हणाले, "माका थंय ने."

धोंडूने आणि तिने बाज उचलून बागेत नेली. वेली गेलेल्या उघड्या पोफळी आबांनी एकेक करून पाहिल्या. तिने प्रत्येक वेलीची साल काढून दिली आणि त्यांनी ती चाखली. एकोणिसातल्या दहा त्यांनी मान हलवून नाकारल्या.

"हंयची माती गेली," ते म्हणाले. "नऊ फाटे काढ. घराफुडे लाय. बाकी सगळा जाळ."

तिने चांगल्या नऊ वेलींचे शेंडे तोडून घरापुढे लावले आणि बाकी वेली जाळल्या. नवांतले पाच फाटे जगले. पुढच्या आषाढात त्यातले दोन आंबले. भाद्रपदात आबा गेले.

त्यानंतर महिन्याभराने मास्तर एक पत्र घेऊन आले. त्यांनी कृषी महाविद्यालयाला वेलीचे तुकडे पाठवले होते, त्याचं उत्तर वर्षाने आलं होतं. मास्तरांनी ते तिला वाचून दाखवलं: "सदर बुरशी आम्ल निर्माण करून खोडाच्या पेशी सैल करते. रोगट वेली मुळासकट नष्ट कराव्यात. नवी लागवड पूर्वी वेली नसलेल्या जमिनीत करावी. अन्य खात्रीशीर इलाज उपलब्ध नाही."

"म्हणजे आमी केला ता बरोबर होता?" यमुनाबाईने विचारलं.

"होय, काकी. सगळा बरोबर होता."

"तरी गेलीच मा."

मास्तरांनी पत्र तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं नाही.