चाकामागची माचिस

माझी पोस्टिंग तेव्हा पहाडावर होती. रँक नायक, काम ड्रायव्हरचं. शाळा आठवीपर्यंत शिकलो, गाडी मात्र पुरी शिकलो.

युनिटात एक जुनी जीप होती. त्या साली नवी आली, ती माझ्या हाती. सकाळी चढावर दोघींची परीक्षा व्हायची. आमचे उस्ताद, हवालदार रामटेके, मागच्या चाकाला मागून माचिसची डबी टेकवून ठेवत. गाडी जराही मागं न येता पुढं निघाली पाहिजे, माचिस दबायला नको. फौजी ड्रायव्हरची ही कसोटी.

"दबली तर आज लंगरची चूल तूच फुकशील," उस्ताद म्हणत.

नवी झटक्यात निघे. पिकअप जोरदार, ब्रेक पक्का, हीटरही गरम. जुनी धूर सोडत, खोकलत चढे. उस्ताद तिलेच घेऊन फिरत.

"उस्ताद, म्हातारीले पेन्शन द्या आता."

"तुह्या नवरीनं अजून चिखल नाही पाहिला. गप राय."

एका दुपारी वरच्या चौकीवरून रेडिओवर खबर आली. दरड पडली, दोन जवान जबर जखमी. ढग खाली, हेलिकॉप्टर येणार नाही. आम्ही दोन्ही गाड्या वर नेल्या. उस्तादांची ऑर्डर झाली, "जखमी नव्या गाडीत. हादरे कमी बसतात. मी तुह्या मागं."

परतताना एक चढ लागला. ओली खडी, डाव्या हाताला दरी. नवीची चाकं जागीच फिरली. मग ती मागं घसरू लागली. ब्रेक पुरा दाबला होता, तरी घसरली. मागून धक्का बसला. उस्तादांनी जुनीचा बंपर माझ्या गाडीला भिडवला होता. लो गिअरमध्ये जुनी ढकलत राहिली. मी पक्क्या रस्त्याला लागलो.

आरशात पाहिलं. जुनीच्या चाकाखालची रस्त्याची कड तुटून राहिली होती.

रेडिओवर उस्ताद बोलले, "पीछे मत देख. चलता रह. ओव्हर."

"रॉजर."

चालत राहिलो. दोघंही जवान वाचले. उस्ताद दुसऱ्या दिवशी दरीत सापडले.

रिटायर होऊन भिलाईत घरी आल्यावर हे फक्त बायकोले सांगितलं. तेव्हापासून दसऱ्याले आमच्या गाडीची पूजा झाली की सुशीला मागच्या चाकाला माचिस टेकवे, वर हळद-कुंकू. "तुमच्या उस्तादांची," म्हणे.

यंदा सुशीला नाही. यंदा पोरानं नवी कार आणली. जुनी विकतो म्हणे.

"कावून? कशाले विकतो?"

"पप्पा, दोनों का मुकाबला ही नहीं है. ही चढावर आपोआप थांबते. मागं जातच नाही."

"नसन जात. दसऱ्याले घरापुढच्या रॅम्पवर घे."

दसऱ्याच्या सकाळी माचिस मीच ठेवली. हळद-कुंकू मीच लावलं. पोरानं गाडी काढली. माचिस शाबूत.

"बघा!"

"चांगली आहे. जुनीपेक्षा चांगली. पण जुनी विकायची नाही. ती हिच्या मागं उभी राहील."



त्याच माचिसनं मी दोन दिवे लावले. एक हवालदार रामटेके यांचा. एक सुशीलेचा.