तो कागद माझ्याकडून गेला

आमच्या एका जुन्या साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर गौरव अंकाची घोषणा झाली आणि मला विषय मिळाला, ‘साहेबांनी जोपासलेली निष्ठा’. एक पान, फोटोसह. ते पान हे घ्या. छापायचं तर पूर्ण छापा, नाहीतर नका छापू.

मी नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात अव्वल कारकून होतो. गावोगावच्या पिण्याच्या पाण्याचं काम आमच्याकडे असे. या साहेबांच्या आधीचे साहेब भयंकर तापट, फाईल भिरकावणारे. पण एकदा त्यांच्या हातून एका गावाचा टँकर भलत्याच गावाला मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिपायापासून सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “चूक माझी आहे. वर तसं कळवलंय. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा, दुसऱ्या कुणाचं नाही.” दुपारी एक वार्ताहर आमच्या शिपायाला चहाला घेऊन गेला. शिपाई नांदगावकडचा. चहा पिऊन झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, “लय उशीर केला तुम्ही. आमच्या साहेबानं सकाळीच सांगून टाकलं. फोडायला काय ऱ्हायलंच नाय.”

त्या साहेबांच्या काळात आमच्याकडून एक चिठोरं बाहेर गेलं नाही. तसं कुणी बजावलंही नव्हतं.

मग हे आले. पहिल्याच बैठकीत ते निष्ठेवर तासभर बोलले. केबिनबाहेर टोपली ठेवली. मोबाइल तीत टाकून आत जायचं. अडचणीचा आदेश ते कधी लिहून देत नसत. “लेखी मागणारा माणूस माझा नाही,” असं हसत म्हणायचे. काम बिघडलं की ज्याची सही असेल तो अडकायचा, आणि सही कधीच त्यांची नसायची. वर्षभरात आमची गुपितं चहाच्या टपरीवर आमच्याआधी पोचू लागली. साहेबांनी टोपली काढून कुलपाची पेटी आणली. गळती कुठून सुरू झालीय, हे त्यांना कधी दिसलं नाही.

अशात एका गावच्या नव्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल माझ्या टेबलावर आला. पिण्यास अयोग्य. आठवड्यावर त्याच योजनेचं उद्घाटन होतं, मोठे पुढारी येणार होते.

“भाऊसाहेब, हा कागद तुमच्या ड्रॉवरमध्ये राहू द्या. कार्यक्रम होऊ दे,” साहेब म्हणाले.

“पण साहेब, नळ तर आधीच सुरू झालेत. लोक पितात ते पाणी.”

“आजवर काय गंगाजल पीत होते? आणि हे आपल्या दोघांतलं.”

दोन दिवस कागद ड्रॉवरमध्ये राहिला. तिसऱ्या दिवशी मी बसने सातपूरला गेलो. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. कंपनीची पाळी सुटली होती, त्या गर्दीत उभं राहून मी झेरॉक्स काढली आणि वार्ताहराला दिली. मूळ कागद संध्याकाळी रेकॉर्ड सांभाळणाऱ्या ताईंच्या टेबलावर ठेवला. त्या नुकत्याच बदलून आल्या होत्या. फाईलला लागणाऱ्या प्रत्येक पानावर त्या तांबड्या शाईने तारखेसह क्रमांक घालत. त्यांनी याही पानावर घातला.

बातमी फोटोसकट छापून आली. गावाचं ते पाणी बंद झालं. याला गद्दारी म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. तीच वेळ परत आली तर मी परत सातपूरची बस पकडीन.

अपराध माझा आहे तो पुढचा. छापलेल्या फोटोत तांबडा क्रमांक नव्हता. म्हणजे क्रमांक पडण्याआधीच नक्कल निघाली होती. तेव्हा कागद एकतर माझ्याकडे होता किंवा ताईंकडे. चौकशीला वरून अधिकारी आले. मला विचारलं, “अहवाल तुम्ही पुढे कधी दिलात?”

खरं सांगायचं तर ड्रॉवरचं सांगावं लागणार, आणि साहेब कानांवर हात ठेवणार. लेखी माझ्याकडे काहीच नव्हतं. मी म्हणालो, “आला त्याच दिवशी.”

शेजारी बसलेल्या साहेबांनी सावकाश मान डोलावली. कागद दडवल्याचा ठपका ताईंवर आला, फोडल्याचाही. ज्याने दडवला तोच कशाला फोडेल, हे कुणी विचारलं नाही. ज्या माणसाला उघडं पाडायला मी एवढं केलं, त्यालाच मी तीन शब्दांत वाचवलं होतं. त्यांची पद्धत मी चांगली शिकलो होतो.

ताईंची सुरगाण्याला बदली झाली. सेवापुस्तकात शेरा पडला, बढती दोनदा हुकली. इथल्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्यासोबत डबा खायला कुणी बसलं नाही. मीही नाही.

आता त्या कळवणला आहेत. लवकरच निवृत्त होतील, आणि तो शेरा घेऊनच. गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं.

“मला तेव्हाच कळलं होतं, भाऊसाहेब.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले की. कागद तिसऱ्या दिवशी आला, हे मी चौकशीत सांगितलं. तुम्ही बाजूच्याच खुर्चीत होतात.”

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माफीचं काय करू? सेवापुस्तकात चिकटवू? लेखी द्या. आवक क्रमांकासहित.”

मी चार पानांचा जबाब लिहिला. जुन्या कार्यालयात आता सगळी नवी पोरं. खिडकीवरचा लिपिक वाचता वाचता थबकला. “काका, हे दिलंत तर तुमच्यावरच चौकशी लागेल. घरी निवांत बसा ना.”

“अठरा वर्षं निवांतच बसलो होतो. शिक्का मार.”

ग्रुपवर हे कळल्यावर एकाने लिहिलं, “एवढे सत्यवादी होतात तर तेव्हा तोंड शिवलं होतं का?” हो, शिवलं होतं. मीच शिवलं होतं.

शिक्का मारलेल्या पानाचा फोटो मी ताईंना पाठवला. उत्तर आलं, “तारीख नीट दिसत नाही. परत पाठवा.” खिडकीच्या उजेडात धरून परत काढला, परत पाठवला.

शेरा अजून निघालेला नाही. त्यांच्या निवृत्तीला सव्वीस दिवस आहेत. उद्या कार्यालय उघडलं की मी पुन्हा त्या खिडकीवर असेन.