मी सांधलेलं जाळं

आमच्या घरी जाळं फेकायचं बाबांनी आणि फाडायचं मोठ्या भावानं. सांधायला मी होतेच.

कारंजा गावाबाहेर आमचा भाजीचा मळा, आणि मळ्यामागे तलाव. सकाळी माल बाजारात गेला की बाबा खांद्यावर जाळं टाकून निघायचे, मागे भाऊ, त्याच्या मागे टोपलं घेऊन मी. जाळं गोल, घेराला शिशाचे मणी. अर्धं जाळं डाव्या कोपरावर घ्यायचं, थोडं उजव्या हातात, आणि घेराचा एक मणी दातांत धरायचा. कमरेतून गिरकी घेऊन हात सोडायचे आणि त्याच क्षणी तोंड उघडायचं. मग ते पाण्यावर पोळीसारखं गोल पसरतं. बाबांचं तसंच पसरायचं. भावाचं पिळलेल्या धोतरासारखं धपकन पडायचं आणि तळातल्या बाभळीच्या खुंटात अडकायचं.

मग दुपारभर मी ओसरीत सुई आणि नायलॉनचा दोरा घेऊन बसायची. जाळ्यातली गाठ न् गाठ मला पाठ होती. एकदा तरी फेकून पाहायची फार हौस होती, खोटं कशाला बोलू? दर वेळी विचारायची आणि दर वेळी बाबा म्हणायचे, "तुले कायले पाह्यजे? बाईनं जाळं वलांडू बी नये, अन् तू फेकतो म्हनतं!"

सांधताना तेच जाळं तासन् तास माझ्या मांडीवर असायचं. ते चालायचं.

मी अकरावीत असताना भावानं एकदा गिरकी घेतली, हात सोडले आणि तोंड उघडायचं विसरला. जाळं गेलं, सोबत पुढचा अर्धा दातही गेला. बाबा त्याला काठावर बसवून चूळ भरायला लावत होते. मी दोरी ओढून जाळं बाहेर काढलं. काय वाटलं कोण जाणे, झाडून कोपरावर घेतलं, मणी दातांत धरला आणि फेकलं. गोल पडलं. अगदी बाबांसारखं गोल. ओढून काढलं तर आत सात-आठ चिलापी मासे तडफडत होते. वळून पाहिलं, तर बाबा माझ्याचकडे पाहत होते. मला वाटलं, आता तरी काहीतरी म्हणतील.

"तूनंच वलांडलं असन जाळं," ते म्हणाले, "म्हून पोराचा दात गेला."

त्या दिवशी त्या चिलाप्यांचा रस्सा सगळ्यांनी बोटं चाटत खाल्ला, दात तुटलेल्यानंसुद्धा. तलावावर जाणं माझं बंद झालं, सांधणं नाही. लग्न होऊन शिरपूरला आले तरी जाळं पिशवीत भरून माझ्याकडे यायचं. मी मुकाट्यानं सांधून परत पाठवायची. राग यायचा, तो स्वतःचाच.

दोन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात लकव्यानं गेला आणि पिशवी यायची थांबली. यंदा माहेरी निघाले तेव्हा सुई-दोरा बरोबर घेतला. ठरवलं होतं, सांधून द्यायचं आणि मग सरळ सांगायचं, आता मी फेकणार. चाळिशी उलटली होती. आता कोणाचा दात जाणार होता?

जाळं मळ्यातच सापडलं. चार तुकडे करून कोथिंबिरीच्या वाफ्यांवर ताणलं होतं, कोंबड्या शिरू नयेत म्हणून. मणी काढून घेतलेले. माझी मात्र एकही गाठ सुटलेली नव्हती.

मी तणतणत बाबांच्या खाटेशी गेले. "बाबा, दादाले जाळं काहून कापू देल्लं तुमी?"

"त्याले मीनंच सांगतलं, काप म्हून," बाबा शांतपणे म्हणाले. "फेकनारं कोन हाये आता घरात?"

ते गोल पडलेलं जाळं त्यांना आठवतं का, हे मी विचारलं नाही. आठवतं म्हणाले असते तर जास्त लागलं असतं.