काचेवरचं बोट

बायको गेली त्याला सात आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी मस्कतच्या रुवी भागात एका दुकानाच्या छपरावर एसी दुरुस्त करत होतो. शेजारच्या हमीदाभाभी म्हणाल्या, "भाऊ, आधी खाली उतरा, मग सांगते." शिडी उतरेपर्यंत मला कळलं होतं... तेव्हापासून जो येतो तो म्हणतो, सुटली बिचारी. कशातून सुटली? तिला काय बांधून ठेवलं होतं? कोणी म्हणतं, त्या फिलिपिनी बाईकडचं खाऊन तब्येत बिघडली असेल. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. मुलगी म्हणाली, बाबा, पेपरात लिहिताय तर चांगलं लिहा. मी चौथी शिकलेला माणूस, मला घडलं तेवढंच लिहिता येतं.

पोरं मार्गाला लागल्यावर इंदूला मी मस्कतला आणलं. दार्सैतच्या दोन खोल्यांत ती दिवसभर एकटी. हिंदी थोडं समजायचं, बोलायला जमायचं नाही. दुकानात, टॅक्सीत, अगदी देवळातसुद्धा तिच्या वतीने मीच बोलायचो, आणि मला त्याची घमेंड होती. बिल्डिंगच्या मागे मर्सी नावाच्या फिलिपिनी बाईची बेकरी. आत चार टेबलं, दुपारी भात-कालवण. पदार्थ काचेमागे मांडलेले असतात आणि गिऱ्हाईक बोट दाखवून मागतं, त्यांच्यात तशी रीतच आहे. पहिल्या शुक्रवारी मी विचारायला तोंड उघडलं तर इंदू म्हणाली, "तुम्ही बसा हो जरा." पुढे होऊन तिने एका कालवणाकडे बोट केलं, मग डोक्यावर दोन बोटांची शिंगं धरली आणि हात हलवला, गाईचं नको. मर्सी हसली आणि तळहात माशासारखा वळवळवला. नारळाच्या रसातला मासा निघाला. वर खोबऱ्याचं गोड सारण भरलेला पाव. "मोदकाचं सारण पावात कोंबलंय मेलीने," इंदू म्हणाली आणि आणखी एक मागितला. मग दर शुक्रवारी तेच. कोपऱ्यातली खिडकीजवळची खुर्ची तिची. दोघींचं खाणाखुणांनी काय काय चालायचं. मर्सी पोट पुढे काढून माझी चाल करून दाखवायची. "हसा की, तुमचंच चाललंय," इंदू म्हणायची. अख्ख्या ओमानात ती स्वतःचं स्वतः मागायची अशी ती एकच जागा.

शेवटच्या शुक्रवारी ती पावाकडे बघेना. मर्सीने भुवया उडवल्या. इंदूने जबड्याला बोट लावलं, तिथून खांद्यावर, डाव्या हातावरून मनगटापर्यंत ओढत नेलं, आणि छातीशी मूठ आवळली. मर्सी काउंटरमागून बाहेर आली. मला म्हणाली, "सर, मॅडम हॉस्पिटल. टुडे. यल्ला." यल्ला म्हणजे चला, लवकर. मी चारचौघांसमोर तिला म्हणालो, "गॅस है. तुम ब्रेड बनाओ."

दुसऱ्या दिवशी नेलं, तेही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. डॉक्टर आपल्याकडचा. "क्या तकलीफ है, माताजी?" त्याने तिलाच विचारलं. ती जबड्याकडे बोट न्यायला लागली. मी म्हटलं, "हात खाली ठेव गो, मी सांगतो." आणि सांगितलं, गॅस आहे, आंबट खाते. ती माझ्याकडे बघत राहिली. गोळ्या मिळाल्या. मंगळवारी ती गेली.

डॉक्टरवर माझा राग आहे. तिच्यावरही आहे, ओरडून का नाही सांगितलंस म्हणून. मग आठवतं, तिने सांगितलं होतं. परक्या देशातल्या पाववालीला ते एका नजरेत कळलं. मी नवरा, तिची भाषा बोलणारा, मला नाही कळलं. तेव्हा मला शांत व्हा म्हणायला कोणी येऊ नका.

तिला गावी पोचवून परत आलो तरी मी बेकरीचा रस्ता टाळायचो. गेल्या शुक्रवारी गेलो. मर्सीला हमीदाभाभींकडून कळलं होतं. मला वाटलं ही शिव्या घालील, घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने न विचारता दोन पाव बशीत ठेवले. मग स्वतःच्या छातीवर तळहात ठेवून माझ्याकडे बघत भुवया उडवल्या, तुझं काय?

"कुछ नहीं हुआ," मी म्हणालो. "तुम ब्रेड..."

तिने छातीवरचा हात काढला नाही. माझ्यामागे माणसं खोळंबली होती.

मग मी बोट दाखवलं, कोपऱ्यातल्या इंदूच्या खुर्चीकडे.