हातबॉम्बला कुंकू

शेजारच्या आजोबांचा हातबॉम्ब आठवडाभर आमच्या डायनिंग टेबलावर मुक्कामाला होता आणि मी रोज जेवताना त्याच्याकडे बघून चिडत होते. घाबरण्यासारखं काही नव्हतं. महायुद्धातला, आतून पोकळ, नुसतं लोखंडी कवच. अमेरिकेत, श्रूजबरीत राहायला आल्यापासून आजोबांनीच मला हा नाद लावलेला: जुन्या बाजारात हिंडायचं, असल्या बॉम्बच्या तळाचं बूच भिंगाखाली धरायचं आणि शिक्का कुठल्या कारखान्याचा ते ओळखायचं.

त्यांची आई युद्धाच्या काळात अशाच एका कारखान्यात कामाला होती. तिथला एक तरी नग मिळावा म्हणून ते वीस वर्षं शोधत होते. आता शनिवारी सगळा संग्रह विकून ते लेकीकडे ॲरिझोनाला कायमचे जाणार होते, आणि बघायचा राहिलेला हा शेवटचा नग. तुझे डोळे तरुण आहेत म्हणत त्यांनी तो माझ्या गळ्यात मारला. कसले डोंबलाचे तरुण! टॉर्च तिरपा धरून झाला, खडू घासून झाला. गंजाशिवाय काही दिसेना.

त्यात खंडेनवमी आली. सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईने पाटावर माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली, सुरी, स्क्रूड्रायव्हर असं सगळं मांडलं. मी मीटिंग संपवून खाली येते तर मधोमध आजोबांचा बॉम्ब, उलटा ठेवलेला, बुचावर ओलं हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्याची वस्तू, त्यात जुनी, असं मी बरंच सुनावलं. आई ढिम्म.

"घरात एकच तर शस्त्र आहे, त्यालाच वगळू?"

मी टिश्यूने खसाखसा पुसायला घेतलं आणि हात थांबला. वरचं कुंकू निघालं होतं, खाचेतलं राहिलं होतं. लालचुटूक वर्तुळ, त्यात त्रिकोण. आजोबांनी कागदावर काढून दिलेला, त्यांच्या आईच्या कारखान्याचा शिक्का.

मी आईचा मुकाच घेतला. मग दोघी अनवाणी लॉनवरून पळालो, मी पुढे, आई मागून पेढ्यांचा डबा घेऊन. हातात बॉम्ब घेऊन धावणारी बाई बघून समोरच्या घराचा पडदा हलला. हलू दे म्हटलं.

आजोबांनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग ते बूच गालाला लावून ढसाढसा रडले, आणि त्यांच्या गालावर उमटलेलं कुंकू बघून आम्ही तिघंही इतके हसलो की आईला खालीच बसावं लागलं.

शनिवारी बाकी सगळं विकलं गेलं. लेक विमानाची तिकिटं काढून आली होती. पोकळ असला तरी बॉम्ब विमानात नेऊ देत नाहीत, मागून पार्सलने पाठवू, असं तिने परोपरीने समजावलं. आजोबांनी तिकिटं कॅन्सल करायला लावली. चार दिवसांचा रस्ता, पण ते गाडीत बॉम्ब मांडीवर घेऊन बसले, कुंकवासकट.

"आईला कुणी पार्सल करतं का?" एवढंच म्हणाले.