आधी ताडपत्री, मग ओवाळणं

माझं माहेर रोह्याचं. कारखान्यांच्या वासात वाढलेलं माझं नाक. लग्न होऊन पेणजवळच्या गावात आले तेव्हा वाटलं, सुटले बाई एकदाची! कसलं काय. खाडीच्या भरावाला कारखान्यांची राख नेणारे डंपर आमच्या दारावरून उघडेच धावायचे, आणि माझ्या लहानग्या लेकीला दमा जडला.

तक्रारी करकरून दमले. प्रदूषणाच्या कचेरीतले म्हणत तालुक्याला जा, तालुक्याचे ग्रामपंचायतीकडे बोट दाखवत, आणि ग्रामपंचायत म्हणे, वरून आदेश नाय. आदेश येणार कुठून, कपाळ! सत्तेतल्यांचेही डंपर, विरोधातल्यांचेही. माझ्या थोरल्या जावेच्या नवऱ्याचासुद्धा एक त्याच कामावर होता. जाऊ शेजारच्याच खोल्यांत राहते, पण आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तिच्यापुढं रडून काय उपयोग?

मग निवडणूक आली. आमच्याकडे उमेदवार दारात आला की बायका ओवाळतात. मत कुणाला ते मनात, पण रिकाम्या कपाळानं कुणाला परत पाठवत नाहीत. सत्तेतले उमेदवार आले तेव्हा ताट जावेच्या हातात होतं. तिनं निरांजन पेटवलंच नाही. म्हणाली, "दादा, आधी डंपरवर ताडपत्री घाला, मग ओवाळते." आळीतल्या एकेका बाईनं ताट खाली ठेवलं. विरोधातले आले, त्यांनाही तेच ऐकवलं. कोरड्या कपाळांचे फोटो तालुकाभर फिरले आणि डंपर झाकले गेले. निकालानंतर ते पुन्हा उघडे धावू नयेत म्हणून तिनंच ग्रामसभेत भांडून ठराव करून घेतला, रस्त्यावर पाणी मारायला लावलं.

याची शिक्षा तिच्याच घराला झाली. तिच्या नवऱ्याचा डंपर कामावरून काढला. कितीतरी दिवस डंपर दारात उभा होता, आणि भावोजी तिच्याशी बोलत नव्हते.

लेकीचा श्वास मोकळा झाला तसं मला राहवेना. घावन केले, लाज गिळून तिच्याकडे गेले. म्हटलं, "ताई, हे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले गो?" ती डाफरली. "तुज्या पोरीची घरघर भिंतीतनं माज्या उशाशी यायची. डंपर आमचा, राख आमची. मला काय झोप लागत होती व्हय?"

मी तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. तिनं मला रडू दिलं.

हल्ली पलीकडून तिचं घोरणं ऐकू येतं. देवा, असंच ऐकू येऊ दे.